पाळी गेलेली बाई पाहिजे

पुरण शिजून परातीत काढलं होतं. आई ओट्याशी उभी राहून ते यंत्रातून फिरवत होती आणि मी खाली बसून वेलदोडे सोलत होते. तेवढ्यात काकू आल्या, ज्यांच्याकडे आई स्वयंपाकाला होती. दारातच थांबल्या. आईच्या पाठीमागे बोट दाखवून म्हणाल्या, "सरला, हे काय आहे?"

आईने मान वळवून पाहिलं. तिला दिसलं नाही. मला दिसलं. साडीला मागे डाग पडला होता. लिंबाएवढा. ओला.

ती साडी आईची नव्हतीच. घरून नेसून आलेल्या साडीत गॅसला हात लावायचा नाही, असा काकूंच्या घरचा नियम होता. आल्यावर मोरीत हातपाय धुवायचे, खुंटीवरची धुतलेली साडी नेसायची, मग स्वयंपाकाला लागायचं. साडी काकूंनी दिलेली. सुती, फिकट बदामी. त्या रंगावर काहीही लपत नाही.

"तू मला सांगितलं होतंस, तुझी गेली म्हणून."

"गेलीच होती, काकू. दीड वर्ष झालं. देवाशप्पथ."

"मग हे कुठून आलं?"

कुठून आलं ते आईला माहीत असतं तर ती आज जिवंत असती.

गौरीजेवणाचा दिवस होता. बाहेर हॉलमध्ये गौरी उभ्या, समोर रांगोळ्या, पाटांवर बसायला आलेल्या सात सवाष्णी. काकूंचा आवाज चढला तशी एकेक उठून स्वयंपाकघराच्या दाराशी आली. एकीने नाकाला पदर लावला. दुसरीने विचारलं, "अगंबाई, नैवेद्याला शिवली का?" काकू म्हणाल्या, "पहाटे पाचपासून शिवतेच आहे ती." मग त्या पुरणाचं काय करायचं यावर चर्चा झाली. एक म्हणाली गाईला घाला. दुसरी म्हणाली गाय पण देवताच, तिला कसं घालणार? शेवटी ते काळ्या पिशवीत भरलं आणि कचऱ्यात गेलं. कटाची आमटी मोरीत ओतली. शेजारच्या बंगल्यातल्या गुजराती बाईंनी कंपाउंडवरून विचारलं, "शुं थयुं, बेन?" काकू हसून म्हणाल्या, "कंई नहीं, दूध ढोळाई गयुं." काही नाही, दूध सांडलं.

आईला मागच्या पायरीवर बसवलं. हॉलमधून जायचं नाही, बोळातून जा, असं सांगून. मी सोळा वर्षांची होते. काकूंनी त्या सात बायकांसमोर मला विचारलं, "तुझं आज काही चालू नाही ना?" मी नाही म्हणाले. "मग ओटा धू. फरशी पूस. आणि त्या बाटलीतलं गोमूत्र शिंपड."

मी ओटा धुतला. फरशी पुसली. गोमूत्रही शिंपडलं. हे मी लिहिणार नव्हते, पण मग बाकीचं लिहायला तोंड कुठे राहतं?

आई मागच्या पायरीवर गुडघ्यात मान घालून बसली होती. जाळीच्या दारातून ती मला दिसत होती आणि ती पहाटेपासून जिथे उभी होती ती फरशी मी पवित्र करत होते.

काकूंच्या घराबद्दल सांगायला हवं. त्यांचे आजेसासरे बडोदा संस्थानात मोठे अधिकारी होते. घर मूळचं जुन्या गावातल्या घडियाळी पोळातलं. ते विकून निजामपुऱ्यात बंगला बांधलेला. काकू स्वतः नोकरी करणाऱ्या. शाळेत शिक्षिका. विषय जीवशास्त्र. आठवी ते दहावीच्या मुलींना त्यांनी तीसएक वर्षं बाईच्या शरीराचा धडा शिकवला. त्यांच्या घरी ते जुने तक्तेसुद्धा होते, माळ्यावर गुंडाळून ठेवलेले. गर्भाशय, बीजांडकोष, सगळं रंगीत.

आम्ही जळगावकडचे. माझ्या जन्माआधी बाबा गोरव्याच्या कारखान्यात लेथ चालवायला आले आणि आम्ही बडोद्याचे झालो. आमची जात काकूंना चालत होती. त्या स्वतःला सुधारलेल्या समजत. फक्त त्यांना पाळी चालत नव्हती. त्यामुळे स्वयंपाकाला बाई ठेवताना त्या सरळ विचारायच्या, "तुझी गेली का?" आईची पंचेचाळिशीतच थांबली होती. तिने खरं ते सांगितलं आणि तिला काम मिळालं. बडोद्यातल्या मराठी लोकांच्या अशा अजून दोन-तीन घरांना हे कळलं आणि त्यांनीही आईला बोलावलं. पाळी गेलेली बाई, हात चांगला, बोलते कमी. असं तिचं नाव झालं होतं.

दीड वर्ष पाळी बंद असलेल्या बाईला रक्त येतं. स्वयंपाकघराच्या दारात आठ बायका उभ्या आहेत. त्यातली एक जीवशास्त्राची मास्तरीण. आणि एकीच्याही डोक्यात येत नाही की हे रक्त पाळीचं नाही. सगळ्यांनी एकच काढलं, ही खोटं बोलली. नोकरीसाठी खोटं बोलली.

हे लिहिताना मी तीनदा उठले. मला एका जागी बसवत नाही. पाणी पिते, खिडकीशी जाते, परत येते. तेव्हापासून हे असंच आहे.

काकूंनी आईला काढलं नाही. त्यांनी तिला माफ केलं. माफ! चार दिवसांनी बोलावून घेतलं, कारण तिच्या हातासारखी पोळी दुसरीच्या हाताला येत नव्हती. पण अट घातली. पुन्हा असं काही झालं तर आधी सांगायचं आणि चार दिवस यायचं नाही. वर म्हणाल्या, "एकदा फसवलंस, पुन्हा फसवलंस तर मी सगळ्यांना सांगीन." आईने मान डोलावली. मग म्हणाली, "काकू, साडी मरून रंगाची द्या ना मला. बदामीवर हळदीचे डाग बसतात."

हळदीचे डाग. काकूंनी मरून साडी दिली.

रक्त पुढेही येत राहिलं. कधी दोन दिवस, कधी आठ दिवस, कधी नुसता एक डाग. त्याला ना तारीख, ना हिशेब. सांगायचं तर महिन्यातले निम्मे दिवस घरी बसावं लागलं असतं आणि चारही घरं सुटली असती. तिने काही सांगितलं नाही. दोन परकर घालायची. मला पॅड आणायला मेडिकलवर पाठवायची आणि बजावायची, "तुझ्यासाठी आहे म्हण." मी म्हणायचे. मला सगळं माहीत होतं. मी दहावी पास झालेली, फोनवर दिवसभर काही ना काही बघणारी मुलगी. पण 'पाळी गेल्यावर पुन्हा रक्त' असं कधी शोधून पाहिलं नाही. उलट चाळीतल्या मंगलबेन आईला म्हणाल्या होत्या, "पाछी, परत आली म्हणजे अंगात जोर आहे तुझ्या." ते ऐकून आई लाजली होती आणि मीही हसले होते. आमच्या घरात ही बातमी चांगली म्हणून धरली गेली.

दहा महिने असे गेले. मग कंबर धरली. मग पाय सुजला. मग असा वास यायला लागला की काकूंनी पुन्हा दारात उभं राहून विचारलं, "सरला, तू रोज अंघोळ करतेस ना?" त्या दिवशी आईने काम सोडलं.

मोठ्या सरकारी दवाखान्यात तपासलं. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. बाजूला पसरलेला. तिथली शिकाऊ डॉक्टर राजकोटकडची, माझ्यापेक्षा जेमतेम आठ-नऊ वर्षांनी मोठी. तिने विचारलं, रक्त कधीपासून? आईने खोटं सांगितलं, महिनाभर. तिला डॉक्टरचीही भीती वाटत होती, की ही पण रागावेल. मी खरं सांगितलं. डॉक्टर रागावली नाही. नुसती म्हणाली, पाळी थांबल्यावर एक थेंब दिसला तरी यायचं असतं. हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही?

मला हसू आलं. खरंच आलं. सात सवाष्णी, एक जीवशास्त्राची मास्तरीण, एक मंगलबेन आणि मी. कोण सांगणार?

रेडिएशनचे शेक घेतले, केमो झाली. आई वर्षभर राहिली.

तिच्या आजारपणातच तो शब्द घरात आला होता. डॉक्टरने समजावताना सांगितलं होतं की बहुतेक वेळा हा कॅन्सर एका विषाणूमुळे होतो, एचपीव्ही म्हणतात त्याला, आणि तो शरीरसंबंधातून पसरतो. आत्या बाजूलाच होती. तिने पुढचं काहीच ऐकलं नाही. दवाखान्याच्या पायऱ्या उतरायच्या आत तिचं सुरू झालं, "म्हणजे कुणाकडून आला?" पंधरा दिवसांत हा प्रश्न सगळ्या नातेवाइकांत फिरून आला. आधी बोटं आईकडे वळली. मग बाबांकडे.

आई गेल्यावर काकू भेटायला आल्या. आमच्या दोन खोल्यांत खुर्ची एकच. त्यावर बसल्या. मी पाणी दिलं, त्यांनी पेला हातात धरून ठेवला, प्यायल्या नाहीत. म्हणाल्या, "तसल्या बायकांना होतो हा, असं म्हणतात. सरला तशी नव्हती हो. पण चार घरी फिरणारी बाई, कुठून काय येतं कळत नाही."

बाबा समोर बसले होते. त्यांनी खाली पाहिलं. मीही खाली पाहिलं. चपला घालून काकू गेल्या आणि आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. मला आज त्या गौरीच्या दिवसापेक्षा या दिवसाचा राग जास्त येतो. तेव्हा मी लहान होते म्हणायला जागा आहे. या दिवशी अठरा पूर्ण झाली होती.

मग एक दिवस बाबा कामावरून आले. हाताचं तेल साबणाने काढत मोरीत बसले होते. पाठ माझ्याकडे. तसेच म्हणाले, "माझ्यामुळे झालं का गं?"

मला 'हो' म्हणायचं होतं. खोटं कशाला बोलू? दोन महिने मी त्यांच्याबरोबर जेवले नव्हते. ताट वाढायचे आणि बाहेर जाऊन उभी राहायचे. कुणीतरी एक माणूस पाहिजे होता ज्याच्यावर हे सगळं टाकता येईल, आणि घरात तेवढा एकच होता.

पण उत्तर मला माहीत नव्हतं. म्हणून मी परत त्या राजकोटच्या डॉक्टरकडे गेले. ओपीडी संपेपर्यंत बाकावर बसले आणि ती बाहेर आल्यावर तिला तोंडावर विचारलं. ती म्हणाली, "कोणे आप्युं ए शोधवानुं ज नथी, बेन." कुणी दिला हे शोधायचंच नाही. मग तिने उभ्या उभ्या अर्धा तास मला सांगितलं. आजवर इतक्या साध्या भाषेत माझ्याशी कुणी बोललं नव्हतं.

ज्यांचा शरीरसंबंध येतो अशा बहुतेक सगळ्यांना, बायकांना आणि पुरुषांनाही, हा विषाणू आयुष्यात कधी ना कधी लागतो. लागला हे कळतही नाही. दुखत नाही, ताप येत नाही. दुसऱ्याला देणाऱ्यालाही पत्ता नसतो. बहुतेकांचं शरीर एक-दोन वर्षांत त्याला हाकलून देतं. काहींच्या अंगात तो राहतो, आणि तिथल्या पेशी हळूहळू बदलत जातात. त्याचा कॅन्सर व्हायला साधारण दहा, पंधरा, कधी त्याहून जास्त वर्षं लागतात. एकाच माणसाबरोबर उभा जन्म काढलेल्या बाईलाही होतो. लग्नाआधीचा असू शकतो, नंतरचा असू शकतो, कुणालाही सांगता येत नाही. चारित्र्य कळेल अशी कुठलीच तपासणी त्यात नाही.

आणि त्या दहा-पंधरा वर्षांत एकदा जरी तपासणी झाली असती तर बदललेल्या पेशी दिसल्या असत्या. तेवढा भाग काढून टाकता येतो. बाई घरी जाते.

मी घरी येऊन बाबांना हे सगळं सांगितलं. जसंच्या तसं. ते शेवटपर्यंत ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे वेळ होता."

एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून मी त्यांच्याबरोबर जेवायला लागले.

बारावीनंतर मी लॅब टेक्निशियनचा कोर्स केला. आता फत्तेगंजमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. बायकांच्या तपासणीच्या काचपट्ट्या येतात, त्यांना रंग द्यायचं काम माझं. डॉक्टर मॅडम सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. मला बघायची गरज नसते, तरी मी बघते. सगळ्यांच्या पेशी सारख्याच दिसतात. बंगल्यातली कुठली, चाळीतली कुठली, मला कधीच ओळखता आलं नाही.

बाविसाव्या वर्षी मी लस घ्यायला गेले. क्लिनिकच्या काउंटरवरच्या बाईने विचारलं, "मेरेज क्यारे छे?" लग्न कधी आहे? मी म्हटलं, "नक्की नथी." ती म्हणाली, "तो पछी अत्यारे शुं काम?" मग आत्ता कशाला? बाकावर बसलेल्या चार बायकांनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्यांनी मनातल्या मनात काय ठरवलं ते त्यांच्या तोंडावर होतं. मी म्हटलं, "एटले ज." म्हणूनच. विषाणू लागायच्या आधी घ्यायची असते ती, लागल्यावर ती त्याला बाहेर काढत नाही. काउंटरवरच्या बाईने फॉर्म पुढे सरकवला. आत्याला कळलं तेव्हा ती म्हणाली, "घेतलीस ती घेतलीस, पण बोलत बसू नकोस. स्थळं येतायत तुला." मी तीनही डोस घेतले, आणि बोलतही बसले.

मॅडम कॉलेजांत, मुलींच्या वसतिगृहांत यावर बोलायला जातात. मी बरोबर जायचे, पत्रकं वाटायला. हळूहळू मराठीतलं मी बोलायला लागले. गेल्या जानेवारीत मॅडमना एका महिला मंडळाचं बोलावणं आलं. संक्रांतीचं हळदीकुंकू आणि त्यात आरोग्यावर व्याख्यान. मराठी मंडळ होतं. मॅडम म्हणाल्या, "तुं ज जा. तने मराठीमां फावशे." तूच जा, तुला मराठीत जमेल. मी पत्ता पाहिला. निजामपुरा. काकूंचा बंगला.

नाही म्हणता आलं असतं. रात्रभर तळमळले आणि सकाळी हो म्हणाले.

काकूंनी मला आधी ओळखलं नाही. मग ओळखलं आणि केवढा आनंद झाला त्यांना! "अगं, तू सरलाची ना? केवढी मोठी झालीस!" माझा हात धरून त्यांनी हॉलभर फिरवलं. "आमच्याच घरात वाढलेली मुलगी बरं का." मग बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "हे बघ, कॉलेजच्या मुली आल्यात, लग्नं व्हायचीत त्यांची. ते संबंध वगैरे काही काढू नकोस. स्वच्छतेवर बोल. आणि पंधरा मिनिटांत आटप, वाण लुटायचंय."

मी पिशवीतून पत्रकं काढली. काकूंना तो होकार वाटला.

मग त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझी ओळख करून दिली. "हिची आई सरला आमच्याकडे स्वयंपाकाला होती. गुणी बाई. पण स्वतःच्या शरीराकडे लक्ष दिलं नाही बिचारीने. अस्वच्छता, दुसरं काय? त्यातच गेली. तर मुलींनो, नीट ऐका."

समोर तीसेक बायका. सुपाऱ्या, तिळगूळ, अत्तराचा वास. पुढच्या रांगेत त्या सातांपैकी निदान तिघी मी ओळखल्या. त्या माझ्याकडे बघून मायेने मान हलवत होत्या.

"काकू, हे खोटं आहे," मी म्हणाले.

आवाज माझा मलाच अनोळखी वाटला. पण फुटला नाही.

"माझी आई रोज पहाटे चारला अंघोळ करायची. तुमच्या घरी येऊन पुन्हा हातपाय धुवायची, तुमची धुतलेली साडी नेसायची. अस्वच्छतेने हा कॅन्सर होत नाही. या घरात, आतल्या ओट्यापाशी, गौरीच्या दिवशी तिच्या साडीला डाग पडला. पाळी थांबून दीड वर्ष झालेल्या बाईला रक्त आलं. तुम्ही सगळ्या दाराशी उभ्या होतात. पुरण कुणी खायचं यावर बोललात. रक्त का आलं, हे एकीनेही विचारलं नाही. मग तिने ते दहा महिने लपवलं, कारण तुम्ही तिला काढून टाकाल म्हणून. आणि मी इथली फरशी पुसली. माझीही चूक त्यात आहे. पण आज मी स्वच्छतेवर बोलणार नाही."

कुणीतरी म्हणालं, "अगं, सणाचं काय हे!" दोघी उठल्या. मी थांबले नाही. आता थांबले तर पुन्हा कधी बोलणार नाही, हे मला कळत होतं.

मी 'संबंध' हा शब्द पहिल्याच वाक्यात वापरला. मग सगळं सांगितलं. कातडीला कातडी लागून हा विषाणू पसरतो, म्हणून कंडोमने धोका कमी होतो पण पूर्ण जात नाही. एका पेल्यातून पाणी प्यायल्याने, एका संडासात गेल्याने, कुणाच्या हातचं जेवल्याने त्याची भीती धरायचं कारण नाही. लस नऊ ते चौदा वर्षांत घेतली तर सर्वांत चांगली, पण तुम्ही विशीतल्या मुली आहात, सव्विसाव्या वर्षापर्यंत घ्याच, त्यानंतर डॉक्टरला विचारा. संबंध आले असतील तरी घेता येते. लस घेतली म्हणून सुटका नाही. तिशीनंतर तपासणी करायची, डॉक्टर सांगतील तितक्या वर्षांनी पुन्हा करायची. तपासणीत विषाणू सापडला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही, म्हणजे आता लक्ष ठेवायचं. आणि संबंधानंतर रक्त, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त, पाळी गेल्यावर एक थेंब जरी रक्त, तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे.

मागच्या रांगेतली कुर्ता-जीन्समधली एक मुलगी म्हणाली, "दीदी, बॉयफ्रेंड एकच असेल तरी?"

"काय प्रश्न आहे हा!" काकू म्हणाल्या.

"बरोबर प्रश्न आहे," मी म्हटलं. "हो, तरीही. आणि त्यालाही सांग, मुलांनाही लस आहे. त्यांनाही घशाचे वगैरे कॅन्सर होतात यातून. शिवाय त्याच्याकडून विषाणू दुसरीला लागायची शक्यता कमी होते."

मुली हसल्या, पण ऐकत होत्या. एकीने फोनवर लिहून घेतलं.

काकूंनी माइक काढून घेतला. "चला, आता वाण घ्या सगळ्यांनी." मी आत स्वयंपाकघरात गेले. पाण्याचा पेला भरून घेतला. तिथे नव्या स्वयंपाकीणबाई उभ्या होत्या, लीलाबेन. नंदुरबारच्या, पण बडोद्यात आलं की सगळ्या बायका बेन होतात. मसाला दुधाचे पेले ट्रेमध्ये भरून तयार होते आणि त्या ट्रे उचलत नव्हत्या. दाराआडून त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"ताई, एक थेंब म्हणालात तुम्ही. एकच?"

मी पेला खाली ठेवला. "तुमची कधी गेली?"

"तीन वर्षं झाली. म्हणून तर इथे काम लागलं."

"आणि दिसतंय कधीपासून?"

"नवरात्रापासून. अधूनमधून. कॅन्सरच असेल का हो?"

"नसेलही. दुसरी कारणं असतात. पण बघितल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही."

"काकूंना बोलू नका. काम जाईल माझं."

तोच ओटा. आणि एक बाई माझ्याकडे अशी बघत होती, की आता मी म्हणेन तसं ती करणार. मला आईवर ओरडायचं होतं, तिला गदागदा हलवायचं होतं, सहा वर्षांपूर्वीच्या मलाही हलवायचं होतं. त्यातलं काही करता येत नाही. मी म्हटलं, "मॅडमच्या ओळखीच्या डॉक्टरबाई सहापर्यंत बसतात. माझी गाडी बाहेर आहे. आत्ता चला."

"आत्ता? दूध द्यायचंय."

"आत्ताच. उद्या म्हणाल तर तुम्ही येणार नाही."

त्यांनी ट्रेकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. मग पदराला हात पुसले.

आम्ही बोळातून गेलो नाही. हॉलमधून गेलो, बायकांच्या मधून. काकू आडव्या आल्या. "लीला, कुठे निघालीस? काय झालंय हिला?"

"ते त्यांना सांगायचं असेल तेव्हा त्या सांगतील," मी म्हटलं.

"अगं पण एवढ्या बायका आल्यात. दूध कोण देणार?"

"तुम्ही द्या, काकू."

गाडीवर लीलाबेन मागे बसल्या आणि त्यांनी माझा खांदा इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी दुखत होता. डॉक्टरबाईंनी तपासलं, नमुना घेतला. तो आमच्याच लॅबमध्ये आला. काय निघालं ते मी इथे लिहिणार नाही. तो रिपोर्ट लीलाबेनचा आहे.

काकूंनी मॅडमना फोन करून माझी तक्रार केली. त्या मंडळाने पुन्हा बोलावलं नाही. आत्याने आणलेलं एक स्थळ परत गेलं, मुलगी फार बोलते म्हणून. लीलाबेनचं काम गेलं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण बोलून सगळं नीट होतं असं सांगणाऱ्यांतली मी नाही. त्यांच्यासाठी मी दुसरं काम शोधते आहे. शोधताना तीन घरांनी मला तोच प्रश्न विचारला, त्यांची गेली का?

आता माझाही एक प्रश्न ठरला आहे. जे घर बाईला कामावर ठेवताना तिची पाळी विचारतं, त्या घराच्या हॉलमध्ये बसून मी त्या बाईला विचारणार: गेल्यानंतर कधी डाग दिसला का? तपासणी केव्हा केली होती? मालकिणीसमोर विचारणार, तिच्या मुलीसमोर, सुनेसमोर विचारणार, आणि मग त्यांनाही तेच विचारणार. हळू आवाजात विचारणार नाही. ज्यांना ऐकवत नाही त्यांनी उठून जावं. मी उत्तर मिळेपर्यंत उठणार नाही.